शर्टाच्या बाहीची सलग पट्टी : चिरेच्या टोकाशी पडणारी चुणी कशी टाळावी?

निळा खडू (फोंडा)

पूर्ण बाहीच्या शर्टाला कफ लावण्याआधी मनगटाजवळ जी चीर देतात, तिच्या दोन्ही कडांना एकाच सलग पट्टीने मढवण्याची पद्धत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. शिवणवर्गात ती पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात आणि ती सोपी आहे असे सांगतात. मीही बरीच वर्षे ती सोपीच समजत होते. यंदाच्या काजूच्या हंगामात मात्र मला त्या चार इंचांच्या कामाचा नव्याने विचार करावा लागला, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या सासऱ्यांची सत्तरी तालुक्यात काजूची बागायत आहे. मार्च ते मे या काळात ते रोज सकाळी बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करायला जातात आणि काटे, मुंग्या, ऊन यांपासून बचाव व्हावा म्हणून जाड पॉपलीनचा पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. बोंडवाच्या रसाचे डाग धुऊन जात नाहीत, त्यामुळे हे शर्ट कामाचेच राहतात आणि दर हंगामाला नवे शिवावे लागतात. बागेत पोचेपर्यंत बाह्या खाली, ओढ्यावर हात धुताना वर, पुन्हा खाली, असे दिवसातून दहा वेळा चालते. या वेळी मी चार शर्ट शिवले. महिनाभरात एका बाहीची चीर टोकाशी सव्वा इंच वर फाटली आणि आणखी दोन बाह्यांच्या टोकाशी चुणी असल्याचे इस्त्री करताना दिसले.

मी आठही बाह्यांच्या पट्ट्या उसवल्या आणि बाह्या एकमेकींशेजारी खिडकीच्या उजेडात ठेवल्या. चुणी पडलेल्या दोन बाह्यांमध्ये टोकाच्या मागचे कापड, तांदळाच्या दाण्याएवढे, टिपेखाली दुमडून अडकले होते. फाटलेल्या बाहीत नेमके उलट घडले होते. तिथे टीप टोकाच्या पलीकडून न जाता टोकाच्या कडेवरूनच गेली होती आणि पट्टीने बाहीचा एकही धागा धरला नव्हता. उरलेल्या पाच बाह्यांमध्ये टोकाशी बाहीचे दोन किंवा तीन धागे टिपेत आले होते. पट्टीची रुंदी, तिची दुमड, वरची शिलाई हे सारे आठही बाह्यांत जवळजवळ सारखे होते. म्हणजे चूक पट्टीत नव्हतीच. ती पट्टी जोडण्याआधी चिरेची जी तयारी करतात तिच्यात होती, आणि तीही शेवटच्या अर्ध्या इंचात. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण पट्टीवर जितका वेळ घालवतो त्याच्या दुप्पट वेळ चिरेच्या टोकावर घालवला पाहिजे.

आता मी ज्या रीतीने त्या बाह्या पुन्हा शिवल्या ती सांगते. बाही सपाट असतानाच, म्हणजे काखेची शिवण घालण्याआधी, हे काम करावे. चीर बाहीच्या मागच्या अर्ध्या भागाच्या मध्यावर येते, हात खाली सोडला की करंगळीच्या रेषेत. तयार बाहीचा घेर साडेअकरा इंच असेल तर काखेच्या शिवणीपासून मागच्या बाजूला साधारण पावणेतीन ते तीन इंचांवर खूण येईल. चीर तीन इंच पुरते, पण ज्याला बाही कोपराच्या वर दुमडायची आहे त्याला चार इंच द्यावी. लांब चिरेमुळे दुमडताना ताण टोकावर येत नाही.

खडूने मधली रेषा काढावी, पण कापू नये. मनगटाच्या कडेवर रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर खूण करून तिथून टोकापर्यंत दोन तिरक्या रेषा काढाव्यात. या रेषांवर आधाराची टीप घालावी. सुरुवातीला इंचाला बारा टाके, टोकाच्या अर्धा इंच आधी टाका दीड मिलिमीटरवर आणावा. टोकाशी सुई खाली ठेवून कापड वळवावे, एक आडवा टाका घालावा, पुन्हा वळवावे आणि दुसऱ्या बाजूने खाली यावे. तो आडवा टाका नसेल तर टोक सुईच्या अग्रासारखे होते आणि कापताना कात्री टिपेच्या एका बाजूला गेल्यावाचून राहत नाही. टाका असला की कात्रीला थांबायला जागा मिळते. मग मधल्या रेषेवर कापत जावे आणि आडव्या टाक्याच्या एक धागा आधी थांबावे. माझ्या चुणी पडलेल्या दोन्ही बाह्यांत कात्री टाक्यापासून जवळजवळ एक अष्टमांश इंच दूर थांबली होती. त्यामुळे चीर पूर्ण उघडत नव्हती आणि न उघडलेले कापड चुणीत गेले.

पट्टी चिरेच्या दुप्पट लांबीपेक्षा एक इंच जास्त आणि दीड इंच रुंद. पाव इंच माया (टिपेच्या बाहेर सोडायचे कापड), अर्धा इंच वर, अर्धा इंच खाली आणि पाव इंच दुमड असा हिशोब आहे. चीर उघडून सरळ केली की कापडाची कड सरळ रेषेत येत नाही, मध्याजवळ ती पट्टीच्या कडेपासून आत सरकते. इथे नवशिका गोंधळतो आणि कडेला कड जुळवायला जातो. कड जुळवायची नाही, आधाराची टीप सरळ रेषेत ठेवायची. पट्टीवर माया सगळीकडे पाव इंचच राहील, बाहीवर मात्र ती दोन्ही टोकांना पाव इंच आणि मध्ये जेमतेम दोन धागे एवढीच असेल.

बाही वर आणि पट्टी खाली ठेवून शिवावे, म्हणजे आधाराची टीप डोळ्यांसमोर राहते. टोकाच्या अलीकडे टाका बारीक करावा, टोकाशी सुई खाली ठेवून मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलावा आणि टोकामागे जमलेले सगळे कापड बोटाने हळूच मागे, शिवून झालेल्या बाजूला सरकवावे. मग फूट खाली घेऊन पुढे जावे. एवढे झाल्यावर लगेच उलटून पाहावे. चुणी असेल तर तेवढेच चार टाके उसवता येतात.

मला दोन गोष्टींवर आपले मत हवे आहे. पट्टी उभ्या धाग्यावर कापावी की उरेप (धाग्याला तिरकी), आणि शेवटची कड मशीनने बंद करावी की हाताने तुरपावी?

काजबटण (म्हापसा)

ताई, आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी गेली अनेक वर्षे शर्ट शिवतो आणि दुरुस्तीला येणाऱ्या शर्टांमध्ये मनगटाची चीर फाटलेले शर्ट दर आठवड्याला एखादा तरी असतो. बहुतेकांत आधाराची टीप नसतेच. घाईच्या कामात ती गाळतात, कारण तयार कपड्यात ती दिसत नाही आणि गिऱ्हाईक ती तपासत नाही.

एका बाबतीत माझी रीत वेगळी आहे. आपण मनगटापासून टोकापर्यंत सरळ तिरकी रेषा काढता. मी पहिले दोन इंच पाव इंचाचे अंतर जवळजवळ कायम ठेवतो आणि शेवटच्या एका इंचात ते टोकाकडे नेतो. त्यामुळे खालच्या भागात मायेला जास्त कापड मिळते आणि खादीसारखे दोरे सुटणारे कापड तिथे उसवत नाही. मात्र या रीतीत टिपेला शेवटी वळण येते, ती पूर्ण सरळ उघडत नाही आणि टोकाशी हात जरा अधिक सांभाळावा लागतो. नवशिक्याने आपलीच रीत धरावी.

मशीनने बंद करायचे असेल तर पट्टी बाहीच्या उलट बाजूला जोडावी, म्हणजे पट्टीची सुलट बाजू बाहीच्या उलट बाजूवर येते. मग पट्टी सुलटीकडे आणून, पहिली टीप जेमतेम झाकेल अशी दुमडून, कडेलगत टीप मारावी. वरची टीप डोळ्यांसमोर असल्याने ती सरळ येते. पट्टी आधी सुलट बाजूला जोडून नंतर आत वळवली, आणि ती मशीनने बंद करायला गेलो, तर आतली कड टिपेत आली की नाही हे उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. कामाच्या शर्टाला मी पहिली रीतच वापरतो. तिथे टीप बाहेर दिसली तरी काही बिघडत नाही, उलट ती मजबूत दिसते.

आणखी एक सांगतो, कारण लोक विचारतात. कचेरीत घालायच्या शर्टाला ही पट्टी लावत नाहीत. तिथे टोकदार, दोन तुकड्यांची टॉवर प्लॅकेट लागते. ती अधिक रुबाबदार दिसते यात शंका नाही. पण मुलांचे कपडे, बायकांचे पूर्ण बाहीचे टॉप आणि कामाचे शर्ट यांना सलग पट्टीच योग्य आहे. तिच्यात थर कमी असतात, ती मऊ राहते आणि मनगटाला टोचत नाही.

नवी सुई (डिचोली)

मी आयटीआयमध्ये शिवणकामाच्या पहिल्या वर्षाला आहे. निळा खडू ताईंनी लिहिल्याप्रमाणे आज जुन्या चादरीच्या तुकड्यावर दोन बाह्या करून पाहिल्या. टोक दोन्हींत स्वच्छ आले, चुणी नाही, याचा मला फार आनंद झाला. पण नंतर लक्षात आले की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या आहेत. शिवाय पट्टीची कोणती बाजू आत दुमडायची आणि कोणती बाहेर ठेवायची हे मला दर वेळी आठवून काढावे लागते. याची काही पक्की खूण आहे का?

निळा खडू (फोंडा)

आहे, आणि ती शिवणीत शोधण्यापेक्षा अंगात घातलेल्या शर्टावर शोधावी. घरातला कोणताही पूर्ण बाहीचा शर्ट अंगात घालून कफाचे बटण लावा आणि हात खाली सोडा. वरून झाकणारी कड समोरच्या बाजूची असते आणि ती मागे, करंगळीकडे तोंड करून येते. तिच्याखाली जी कड लपते ती काखेच्या शिवणीकडची असते. म्हणून समोरच्या बाजूची, म्हणजे बाहीच्या मोठ्या भागाची पट्टी आत दुमडायची, आणि शिवणीकडची, लहान भागाची पट्टी बाहेर सरळ ठेवायची. काज मोठ्या भागाच्या कफावर येते आणि बटण लहान भागाच्या कफावर. बटणाला आमच्याकडे कोकणीत बुतांव म्हणतात, आणि माझी सासू मला शिकवताना एवढेच म्हणायची की बुतांव नेहमी धाकट्या बाजूला. तेवढे लक्षात ठेवले तर चूक होत नाही.

दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होण्याचे कारण बहुधा असे की आपण दोन्ही बाह्या एकाच दिशेने पसरून खुणा केल्या. बाह्या कापल्यावर त्या सुलट बाजूवर सुलट बाजू अशा जोडीने ठेवाव्यात आणि दोन्हींवर एकदमच खूण करावी. मागची बाजू कोणती ते बाहीच्या गोलाईवरून ओळखता येते. समोरच्या बाजूला गोलाई खोल, पोकळ असते आणि मागच्या बाजूला ती भरलेली असते. मी मागच्या बाजूच्या कडेला दोन खाचा आणि समोरच्या बाजूला एक खाच देते, म्हणजे बाही कशीही फिरली तरी बोटाला कळते. खडूची खूण हाताळताना पुसून जाते, खाच जात नाही.

उभा धागा (पणजी)

उभ्या आणि उरेप पट्टीबद्दल लिहितो. पुस्तकांत दोन्ही रीती सापडतात, पण मला वाटते की हा प्रश्न कापडाने सोडवायचा आहे. शर्टाच्या साध्या पॉपलीनला किंवा केंब्रिकला पट्टी उभ्या धाग्यावरच कापावी. चिरेची कड रोज ओढली जाते आणि उभा धागा ताणत नाही, त्यामुळे चीर लोंबत नाही. उरेप पट्टी टोकाच्या वळणावर सहज बसते हे खरे, पण तीच ताणली जाऊन महिनाभरात लाटेसारखी होते. टोकाशी बसण्याची अडचण चिरेच्या तयारीतून सुटत असेल, जसे ताईंनी दाखवले आहे, तर उरेपचा मुख्य फायदाच उरत नाही.

मात्र एक अपवाद मला मान्य करावा लागेल. गेल्या वर्षी मी पत्नीसाठी कुणबी कापडाचा पूर्ण बाहीचा टॉप शिवला. कुणबी साडीचे ते लाल, चौकडीचे हातमागाचे कापड वेंडेल रॉड्रिग्ज यांच्या प्रयत्नांमुळे पुन्हा लोकांच्या नजरेत आले. हे कापड जाडसर आणि थोडे मोकळ्या विणीचे असते. उभ्या धाग्याची पट्टी घेतली तेव्हा पट्टीतली चौकड आणि बाहीतली चौकड अर्ध्या घराने चुकली आणि ती चूक लांबूनही दिसत होती. उरेप कापल्यावर चौकडी तिरक्या झाल्या, त्या जुळवण्याचा प्रश्नच राहिला नाही आणि पट्टी मुद्दाम केलेल्या सजावटीसारखी दिसू लागली. पण ताण येऊ नये म्हणून मी तिच्या मागे पातळ फ्यूझिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी चिकटवली होती. ती नसती तर ती लोंबली असती.

मोकळ्या विणीच्या कापडाला टोकाशी आणखी एक आधार द्यावा असे मला वाटते. आधाराची टीप घालण्याआधी टोकाच्या जागी, उलट बाजूला, एक इंच चौरसाचा पातळ फ्यूझिंगचा तुकडा चिकटवावा आणि टीप त्याच्यावरूनच घालावी. टोक कापल्यावर दोरे तिथे सुटत नाहीत. हा तुकडा नंतर पट्टीच्या आसपास दिसतो, पण आतल्या बाजूला असल्याने त्याचा त्रास नाही.

काजबटण (म्हापसा)

फ्यूझिंगच्या तुकड्याला माझी पूर्ण संमती आहे. एक अट मात्र आहे. कापड आधी धुऊन, पूर्ण वाळवून घेतलेले असावे. आपल्याकडे जूनपासून हवा एवढी दमट असते की कपाटातले कोरे सुती कापडही हाताला ओलसर लागते. तशा कापडावर फ्यूझिंग लावले तर ते नीट चिकटत नाही आणि पहिल्या धुण्यात सुटून फुगते. मी पावसाळ्यात प्रत्येक तुकड्यावरून आधी कोरडी इस्त्री फिरवतो, वाफ निघून जाऊ देतो आणि मगच फ्यूझिंग ठेवतो. फ्यूझिंगवर इस्त्री दाबून धरावी, सरकवू नये.

पट्टीबाबतही इस्त्रीचे महत्त्व लोक कमी समजतात. पट्टी जोडण्याआधीच तिची एक कड पाव इंच दुमडून इस्त्रीने बसवून ठेवावी. नंतर शिवलेल्या बाहीवर ती दुमडायला गेलात तर टोकाशी बोटेच पोचत नाहीत.

जुनी पेटी (मडगाव)

हा धागा वाचून मला माझ्या आईचे परकर आठवले. परकराच्या नाडीजवळ जी चीर असते तिला आई हीच सलग पट्टी लावत असे, आणि ती सगळी हातशिलाईने. शर्टाच्या बाहीशी माझी ओळख पुष्कळ उशिरा झाली, पण काम तेच आहे हे पाहताक्षणी समजले. लहान मुलींच्या फ्रॉकच्या पाठीवरील चिरेलाही तीच पट्टी असते. ज्याला एका ठिकाणी हे जमले त्याला तिन्ही ठिकाणी जमते.

धागाकर्तीने हाताने तुरपावे की मशीनने बंद करावे असे विचारले आहे. मी हाताच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण सवय नाही. मशीनची टीप टोकाशी पोचते तेव्हा तिच्याखाली बाहीचे कापड, पट्टीचे चार थर आणि दोन माया असे सगळे एका जागी येते. फूट तिथे किंचित चढतो आणि टाका लांब किंवा तिरका पडतो. हाताने तुरपाई करताना मी पट्टीची दुमडलेली कड पहिल्या टिपेच्या टाक्यांतच अडकवते, बाहीच्या कापडाला सुई लावतच नाही. बाहेरून काहीही दिसत नाही. टोकाजवळच्या पाऊण इंचात टाके दाट घेते, एकाशेजारी एक, आणि बरोबर टोकावर दोन टाके एकाच जागी. एका बाहीला दहा मिनिटे लागतात. मलमल किंवा पातळ केंब्रिकच्या कापडाला मी दुसरी कोणतीही रीत वापरणार नाही.

यात एक गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, आणि माझ्या मते तिच्यावाचून हे काम अपुरे आहे. पट्टी पूर्ण झाली की बाही उलटी करून चिरेच्या जागी उभी दुमडावी, म्हणजे पट्टीच्या दोन्ही बाजू एकमेकींवर येतात आणि टोक वर राहते. टोकाशी पट्टीची जी दुमड तयार होते तिच्यावर, फक्त पट्टीच्या कापडावर, तिरकी टीप घालावी. ती दुमडीच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन खाली, पट्टीच्या बाहेरच्या कडेकडे उतरते. चार-पाच टाके, सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे करून पक्के. बाहीचे कापड त्यात येऊ देऊ नये. ही टीप नसेल तर आत दुमडलेली पट्टी बाही वर-खाली करताना पलटते आणि चिरेतून बाहेर डोकावते. ज्यांचे शर्ट दिवसातून दहा वेळा दुमडले जातात त्यांना तर ती हवीच.

निळा खडू (फोंडा)

काकू, मनापासून आभार. ही टीप मी घालत होते, पण सरळ आडवी घालत होते, आणि आता लक्षात येते की त्यामुळेच पट्टीचा वरचा कोपरा चौकोनी होऊन शर्टाच्या आत टोचत असे. आज एका बाहीवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिरकी घालून पाहिली. कोपरा आत सपाट बसला.

तुरपाईबद्दल मात्र मी अर्धीच सहमत आहे. सासऱ्यांच्या बागेतल्या शर्टांना मी काजबटण दादांची रीत ठेवणार आहे, कारण ते शर्ट दगडावर घासून धुतले जातात आणि हाताचा टाका एका जागी तुटला की पुढचे सुटत जातात. घरात घालायच्या आणि पातळ कापडाच्या कपड्यांना यापुढे हाताने तुरपीन. टोकाशी फूट चढतो ही तुमची तक्रार खरी आहे. मी शिवताना फुटाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवते, म्हणजे फूट सपाट राहतो आणि टाका सारखा पडतो.

नवी सुई (डिचोली)

सर्वांचे आभार. तिरकी टीप घातली. दोन्ही बाह्या आता जोडीच्या आहेत. नवीन अडचण अशी आली की कफ लावायला घेतला तेव्हा तो बाहीपेक्षा अर्धा इंच लांब निघाला. कफ मी साडेनऊ इंचांचा केला आहे : मनगट सात इंच, सैलपणा दीड इंच आणि एकावर एक येण्यासाठी एक इंच. बाहीचा घेर साडेअकरा आहे आणि मनगटाशी एक-एक इंच कापड घेणाऱ्या दोन चुण्या मुद्दाम घातल्या आहेत. म्हणजे बाही साडेनऊच उरायला हवी. दोन वेळा मोजले. पट्टीमुळे अर्धा इंच कमी होतो असे समजून कफ लहान करू का?

काजबटण (म्हापसा)

कफ लहान करू नका. तुमचा हिशोब बरोबर आहे, पट्टी चुकीच्या जागी आहे. चीर देताना मनगटाशी दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच मायेत गेला, म्हणजे बाही अर्धा इंच कमी झाली. समोरची पट्टी आत दुमडली की ती काहीच परत देत नाही. पण मागची पट्टी बाहेर सरळ ठेवली की ती अर्धा इंच पुढे येते आणि गेलेला अर्धा इंच भरून निघतो. साडेअकराची बाही साडेअकराच राहते. तुमच्या बाबतीत अर्धा इंच कमी पडतो याचा अर्थ तुम्ही मागची पट्टीही आत दुमडली आहे. तशी शिवली असती तर कफाचे बटण लावल्यावर चीर वर उघडी राहिली असती आणि त्या फटीतून हात दिसला असता.

नवी सुई (डिचोली)

होय, दोन्ही आत दुमडल्या होत्या. मागची बाहेर काढली आणि कफ दोन्ही कडांना बरोबर जुळला. टाचण्या लावून ठेवल्या आहेत.

जुनी पेटी (मडगाव)

टाचण्यांवर विसंबू नका. मागच्या बाजूला पट्टीची कड कफाच्या टोकाला अगदी भिडली पाहिजे, आणि समोरच्या बाजूला दुमडलेली कड. या दोन जागी आधी हाताने धावदोरा घाला, चुण्यांची तोंडे काखेच्या शिवणीकडे आहेत की चिरेकडे ते दोन्ही बाह्यांत सारखे आहे का ते पाहा, आणि मगच मशीनवर घ्या. मशीनखाली कापड सरकून मागची पट्टी एक-दोन धागे आत गेली तर कफाच्या टोकाशी पायरी दिसते, आणि कफ लागल्यावर ती उसवणे फार जिकिरीचे होते.